इंग्रजी श्रवणाच्या उपक्रमांचा संच: एका पावसाळ्याच्या वापरानंतरचा अभिप्राय

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या एका माध्यमिक विद्यालयात मी पाचवी ते आठवीच्या वर्गांना इंग्रजी शिकवते. आमच्याकडे पाचवीत येणारी बहुतेक मुले सरकारी मराठी प्राथमिक शाळांतून येतात. चौथीपर्यंत त्यांचे गणित, परिसर अभ्यास, खेळाच्या तासाच्या सूचनासुद्धा मराठीतून झालेल्या असतात. इंग्रजी हा एक विषय म्हणून असतो, पण तो पुस्तकातून आणि फळ्यावरून शिकलेला असतो. पाचवीत माध्यमच इंग्रजी होते आणि कालपर्यंत मराठीतून कळणारे गणित आज इंग्रजीतून कानावर पडू लागते. मुलांना इंग्रजी वाचता येत नाही, लिहिता येत नाही, ही तक्रार सगळेच करतात. त्यांना इंग्रजी ऐकता येत नाही हे मात्र फारसे कुणाच्या लक्षात येत नाही, कारण न समजलेले मूल गप्प बसते आणि गप्प बसलेले मूल आपण गुणी समजतो.

या अडचणीवर उपाय म्हणून गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर पालक-शिक्षक संघाच्या निधीतून आम्ही इंग्रजी श्रवणकौशल्याच्या उपक्रमांचा एक तयार संच मागवला. किंमत साडेचार हजार रुपये पडली. या अभिप्रायात तक्रारी बऱ्याच आहेत आणि अशाच धाटणीचे संच निरनिराळ्या विक्रेत्यांकडे मिळतात, म्हणून उत्पादकाचे नाव मी मुद्दाम देत नाही. अशा संचात काय पाहून घ्यावे आणि कशावर पैसे घालवू नयेत, एवढे वाचणाऱ्या शिक्षकाला कळले तरी पुरे.

खोक्यात साठ उपक्रम-कार्डे होती, चित्रांचे चाळीस तक्ते होते, एक पेनड्राइव्ह होता, मुठीएवढा ब्लूटूथ स्पीकर होता आणि शिक्षकांसाठी एक मार्गदर्शिका होती. मार्गदर्शिका इंग्रजी आणि मराठी अशा दोन्ही भाषांत आहे असे जाहिरातीत म्हटले होते. मराठी भाग उघडला तेव्हा पहिल्याच पानावर ‘श्रवणपूर्व क्रियाकलाप’ दिसले आणि पुढच्या पानावर ‘शिक्षार्थी’ भेटले. आम्ही शाळेत ‘उपक्रम’ म्हणतो, ‘कृती’ म्हणतो, ‘विद्यार्थी’ म्हणतो. हिंदी मजकुराला मराठी विभक्ती लावली म्हणजे मराठी होत नाही. तो भाग मी बाजूला ठेवला आणि इंग्रजी भागावरच काम चालवले. तोही निर्दोष नाही, पण निदान तो मुळात त्याच भाषेत लिहिलेला आहे.

स्पीकरबद्दल आधी सांगून टाकते, म्हणजे पुढे कार्डांकडे नीट वळता येईल. आमच्या पाचवीच्या वर्गाला पत्र्याचे छप्पर आहे. वर्गात अडतीस मुले आहेत. जुलै महिन्यात सत्तरीत पाऊस कसा लागतो हे इकडच्या माणसाला सांगायला नको. तो लागला की फळ्याशी उभे राहून ओरडले तरी मागच्या बाकापर्यंत पोहोचत नाही. त्या आवाजात हा मुठीएवढा स्पीकर म्हणजे ढोलताशात पिपाणी. शिवाय पेनड्राइव्ह थेट त्या स्पीकरला जोडायची सोयच नव्हती. आधी संगणक, मग ब्लूटूथ, आणि वीज गेली की दोन्ही बंद. पहिला पेनड्राइव्ह तर उघडलाच नाही. विक्रेत्याला कळवल्यावर दुसरा मिळाला, पण त्यात तीन आठवडे गेले आणि त्या तीन आठवड्यांत आम्ही सगळी कार्डे माझ्याच आवाजावर चालवली. त्या अपघाताचा मला फायदा झाला. या संचातले चांगले काय आहे ते यंत्र बाजूला पडल्यामुळेच कळले.

संचातली साठ कार्डे वरवर पाहता सहा गटांत विभागलेली आहेत, पण वापरताना मला त्यांचे दोनच गट दिसले. एका गटातल्या उपक्रमांत मूल ऐकता ऐकता काहीतरी करत असते: उठते, चित्र काढते, पैसे मोजते, रेघ मारते. दुसऱ्या गटात मूल आधी सगळे ऐकते आणि ऐकून झाल्यावर प्रश्नांची उत्तरे देते. पहिला गट श्रवण शिकवतो, दुसरा श्रवणाची परीक्षा घेतो. संचाच्या निर्मात्यांना हा फरक जाणवला आहे असे वाटत नाही, कारण दोन्ही गटांना त्यांनी एकाच नावाखाली आणि सारख्याच उत्साहाने छापले आहे.

पहिल्या गटातले सर्वांत सोपे उपक्रम म्हणजे ‘ऐका आणि करा’. शिक्षकाने सूचना द्यायची, मुलांनी तोंडाने काही न बोलता ती अंगाने पाळायची. ही पद्धत अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जेम्स अॅशर यांनी १९६०च्या दशकात मांडली आणि तिच्यामागचा विचार साधा आहे: लहान मूल बोलायला लागण्याच्या कितीतरी आधी ‘इकडे ये’, ‘दे’, ‘बस’ हे समजून वागत असते, मग दुसरी भाषा शिकतानाच पहिल्या दिवसापासून बोलण्याचा आग्रह कशाला? कार्डांवरच्या सूचना ‘स्टँड अप’पासून ‘टच द डोअर, देन पिक अप द रेड बुक’ अशा दुहेरी सूचनांपर्यंत चढत जातात. ही चढण चांगली आखली आहे. आठवडाभर रोज दहा मिनिटे केले आणि नंतर ते आपोआप इतर तासांत मिसळून गेले. पाचवीसाठी एवढे पुरे. आठवीची मुले याला हसतात.

मला खरा खजिना सापडला तो चित्र-श्रुतलेखनाच्या कार्डांत. शिक्षकाने एका चित्राचे इंग्रजीत वर्णन करायचे आणि मुलांनी ते ऐकत ऐकत कोऱ्या कागदावर काढायचे, शेवटी मूळ चित्र दाखवून पडताळायचे. कल्पना उत्तम, पण संचातली चित्रे कुठली म्हणाल तर बर्फाचा माणूस, घरातली शेकोटी आणि धुराड्याचे घर. आमच्या मुलांनी बर्फ पाहिला आहे तो फ्रीजमधला किंवा म्हापशाच्या मासळी बाजारातला. बर्फाच्या माणसाचे नाक गाजराचे असते हे आधी मराठीत समजावून सांगायला दहा मिनिटे लागली आणि मग श्रवण राहिले कुठे?

तेव्हा चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, जवळ आली होती. मी चित्राच्या जागी गणपतीच्या वर टांगतात ती माटोळी घेतली. लाकडी चौकटीला टांगलेली फळे, भाज्या आणि रानातली फळे घरोघरी मुलांनी पाहिलेली असतात, काहींनी स्वतः बांधलेली असतात. मी इंग्रजीत सांगत गेले: मधोमध एक नारळ टांगा, नारळाच्या डावीकडे एक काकडी, काकडीच्या खाली, अगदी खाली नव्हे, थोडी वर, सुपारीचा घोस. ‘इन द मिडल’, ‘टू द लेफ्ट ऑफ’, ‘जस्ट अबव्ह’, ‘बिलो’ हे शब्दप्रयोग पुस्तकात चार ठिकाणी आलेले होते, पण ते कानाने कसे ओळखायचे हे कुणीच शिकवलेले नव्हते. दुसऱ्या वेळी सांगताना पेन्सिली थांबल्या, रबर फिरले, काकड्या डावीकडून उजवीकडे गेल्या. तिसऱ्या वेळी वर्गात चित्र काढण्याचा आवाज आणि माझा आवाज एवढेच होते.

खिडकीजवळच्या बाकावर एक मुलगी बसते. जूनपासून ऑगस्टपर्यंत तिने माझ्या तासाला एक इंग्रजी शब्द उच्चारला नव्हता आणि तिला काही समजत नाही असे माझ्या वहीत मी चक्क लिहून ठेवले होते. तिच्या माटोळीत सगळे जागच्या जागी होते. एवढेच नव्हे, मी दुसऱ्यांदा सांगताना चुकून ‘टू काकडीज’ असे अर्धे मराठी बोलून गेले होते, तर तिने दोन काकड्या काढून एकीवर प्रश्नचिन्ह केले होते. दुसरी भाषा शिकणारी बरीच मुले आधी नुसती ऐकतात आणि बोलायला उशीर लावतात, हे मी प्रशिक्षणात ‘मौनकाळ’ या नावाने शिकले होते. पण शिकलेली गोष्ट आणि वहीत लिहिलेला शेरा यांची गाठ त्या दिवशी पडली. तोंडी उत्तरे मागणाऱ्या कोणत्याही उपक्रमाने ती मुलगी मला कधीच दिसली नसती. या एका गटातल्या आठ कार्डांसाठी मी संचाला पूर्ण गुण देईन, चित्रे बदलून घेण्याच्या अटीवर.

आकड्यांच्या कार्डांबद्दलही चांगलेच सांगायचे आहे. ‘थर्टीन’ आणि ‘थर्टी’, ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’ या जोड्या आमच्या मुलांना लिहिताना कधी चुकत नाहीत. ऐकताना हमखास चुकतात. कारण इंग्रजीत या जोड्यांचा फरक मुख्यतः आघातात असतो: ‘फिफ्टी’त जोर पहिल्या भागावर, ‘फिफ्टीन’मध्ये तो शेवटच्या भागावर, आणि शेवटचा ‘न’ घाईच्या बोलण्यात जवळजवळ विरून जातो. मराठीत आघाताने शब्दाचा अर्थ बदलत नाही, म्हणून आपला कान तिकडे लक्षच देत नाही. तो ‘न’ शोधत बसतो. संचातल्या कार्डावर दुकानाचा खेळ आहे. आम्ही त्याचा कदंबच्या, म्हणजे गोव्याच्या सरकारी, बसचा खेळ केला. अर्धी मुले कंडक्टर, अर्धी प्रवासी. कंडक्टरने भाडे एकदाच इंग्रजीत सांगायचे, प्रवाशाने कागदाच्या नोटा मोजून द्यायच्या, नोटा चुकल्या तर पुढच्या थांब्यावर उतरायचे. पहिल्या फेरीत निम्मी बस रिकामी झाली. तिसऱ्या फेरीपर्यंत मुलांनी आपण होऊन ‘सॉरी, वन फाइव्ह ऑर फाइव्ह झीरो?’ असे विचारायला सुरुवात केली. हे मी शिकवले नव्हते आणि कार्डावरही नव्हते. पण समजले नाही तर विचारून घेणे हाही श्रवणाचाच भाग आहे, आणि संचातल्या साठांपैकी एकाही कार्डाने मुलाला तो हक्क दिलेला नाही, ही मोठीच उणीव म्हणावी लागेल.

ध्वनींच्या जोड्यांवर संचाने फार भर दिला आहे. दहा कार्डे ‘शिप’ आणि ‘शीप’, ‘व्हेस्ट’ आणि ‘वेस्ट’ अशा जोड्यांची आहेत. त्यांतली काही उपयोगी आहेत, विशेषतः व्ही आणि डब्ल्यू यांची, कारण आपल्याकडे दोन्हींना एकच ‘व’ पुरतो. मात्र ज आणि झेड यांच्या फरकासाठी दोन पूर्ण कार्डे खर्च करणाऱ्याने मराठी मुलांचा विचार केलेला नाही. ‘जमीन’ आणि ‘जीवन’ यांतले दोन वेगळे ज जे मूल पाळण्यात असल्यापासून ऐकते, त्याला हा फरक नव्याने ऐकायला शिकवावा लागत नाही. फार तर कोणत्या शब्दात कोणता ध्वनी येतो एवढे सांगावे लागते. आणखी एक गंमत मला दिसली. कोकणीत ए आणि ओ या स्वरांचे संवृत (तोंड कमी उघडून) आणि विवृत (तोंड जास्त उघडून) असे दोन दोन उच्चार आहेत आणि त्यांनी अर्थ बदलतो. घरी कोकणी बोलणाऱ्या मुलांना लिहिण्याचे ‘पेन’ आणि दुखण्याचे ‘पेन’ यांतला फरक लवकर कळतो, असे मला पाच महिन्यांत वाटले. हा माझ्या एका वर्गापुरता अंदाज आहे, सिद्धान्त नव्हे, पण गोव्यात शिकवणाऱ्यांनी आपापल्या वर्गात पडताळून पाहावा असा आहे.

तरीही एकेका ध्वनीवर इतका वेळ घालवणे मला पटत नाही, कारण मुलांचे घोडे अडते ते ध्वनीपाशी नव्हे, शब्दांच्या सीमेपाशी. छापील इंग्रजीत दोन शब्दांमध्ये मोकळी जागा असते. बोललेल्या इंग्रजीत ती नसते. हे मला उमगले ते आठवीच्या वर्गात डिक्टोग्लॉस करताना. या उपक्रमाची रीत ऑस्ट्रेलियातल्या रूथ वाजनरिब यांच्या नावाने ओळखली जाते. शिक्षकाने चार-पाच वाक्यांचा उतारा नेहमीच्या वेगाने दोनदा वाचायचा. पहिल्यांदा मुलांनी नुसते ऐकायचे, दुसऱ्यांदा तुटक शब्द टिपायचे. मग गटाने बसून त्या शब्दांवरून उतारा पुन्हा उभा करायचा. नेहमीच्या श्रुतलेखनात मूल शब्दामागून शब्द उतरवते आणि अर्थाकडे पाहत नाही. इथे अर्थ धरल्याशिवाय वाक्य उभेच राहत नाही.

कार्डावरचा उतारा लंडनच्या भुयारी रेल्वेबद्दल होता. मी पोदेरावर, म्हणजे दारोदार पाव विकणाऱ्यावर, चार वाक्ये लिहिली: तो सायकलवरून येतो, सहाला येतो, त्याचा भोंगा मोठा असतो, आणि आजी भोंगा ऐकूनच पिशवी घेऊन दारात येते. तिसरे वाक्य वाचून झाले आणि मागच्या बाकावरून हात वर आला: “टिचर, सिक्सनिज म्हळ्यार कितें?” (म्हणजे काय?) मी ‘ॲट सिक्स अँड हिज हॉर्न’ असे वाचले होते. ‘अँड’मधला ड गेला, ‘हिज’मधला ह गेला, उरलेले ‘सिक्स’ला चिकटले आणि ‘सिक्सनिज’ नावाचा एक नवा शब्द जन्मला, जो कुठल्याच शब्दकोशात सापडणार नाही. त्या मुलाचा कान चुकला नव्हता. त्याने ऐकले ते बरोबरच ऐकले होते. इंग्रजी असेच बोलले जाते हे आम्ही त्याला कधी सांगितले नव्हते.

मग तो तास आम्ही ‘सिक्सनिज’वरच घालवला. वाक्य फळ्यावर लिहिले, ज्या शब्दांवर जोर येतो ते अधोरेखित केले आणि बाकीचे ‘अँड’, ‘हिज’, ‘ॲट’, ‘ऑफ’, ‘टू’ हे शब्द बोलताना कसे आकसतात ते ऐकून पाहिले. मुलांना याची उपमा त्यांच्याच बोलण्यात सापडली. मराठीत आपण ‘काय करतो आहेस’ असे लिहितो आणि ‘काय करतोयस’ असे म्हणतो, आणि परगावचा माणूस ते ऐकून बुचकळ्यात पडतो. संचाच्या मार्गदर्शिकेत डिक्टोग्लॉसनंतर व्याकरणाच्या चुका तपासाव्यात एवढेच लिहिले आहे. ऐकताना झालेली चूक कुठून आली हे शोधण्याबद्दल एक ओळही नाही, आणि श्रवण शिकवायचे असेल तर खरे काम तिथेच असते.

आता दुसऱ्या गटाकडे, म्हणजे ऐकून झाल्यावर प्रश्न विचारणाऱ्या कार्डांकडे. ही तेवीस आहेत, म्हणजे संचाचा एक तृतीयांशाहून मोठा भाग. साधारण दोन मिनिटांची ध्वनिफीत आणि तिच्यावर दहा प्रश्न, असा सगळ्यांचा साचा आहे. प्रश्न कसे, तर तिसऱ्या माणसाच्या टोपीचा रंग कोणता होता, दुकानात एकूण किती खुर्च्या होत्या. हे प्रश्न मी स्टाफरूममध्ये सहकाऱ्यांना विचारले तर त्यांनाही निम्मेच आले, आणि त्यांत वीस वर्षे इंग्रजी शिकवणारे सर होते. ही स्मरणशक्तीची परीक्षा झाली. प्रश्न आधी दाखवले असते तर मुलांना कशासाठी ऐकायचे हे तरी कळले असते, पण मार्गदर्शिकेत ते ऐकून झाल्यावरच वाटावेत असे बजावले आहे.

त्याहून खटकले ते हे, की ध्वनिफीत एकदाच ऐकवावी असा मार्गदर्शिकेचा आग्रह आहे आणि त्याला आधार दिला आहे आयेल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेचा. आयेल्ट्सच्या श्रवण विभागात चार भागांवर चाळीस प्रश्न असतात, ध्वनिफीत सुमारे तीस मिनिटांची असते आणि ती एकदाच ऐकवतात, हे खरे आहे. गोव्यात परदेशी जाऊ पाहणारी मुले, जहाजावर जाणारे तारवटी, परिचारिका या सर्वांच्या घरात या परीक्षेचे नाव असते, त्यामुळे पालकांना ते वाचून बरे वाटत असेल. परंतु पोहण्याच्या स्पर्धेत काठाला हात लावता येत नाही म्हणून पोहायला शिकणाऱ्या मुलाला पहिल्या दिवशी मधल्या पाण्यात सोडत नाहीत. आमच्या वर्गात मी प्रत्येक फीत तीनदा ऐकवली. पहिल्यांदा फक्त कोण बोलते आहे, कुठे आणि कशाबद्दल एवढेच. दुसऱ्यांदा तपशील, आणि मग शेजाऱ्याशी उत्तरे ताडून पाहणे. तिसऱ्यांदा लिखित मजकूर हातात देऊन, म्हणजे जे कानातून निसटले ते डोळ्यांनी पकडता यावे. यात पस्तीस मिनिटांच्या तासात एकच फीत होते. संचाच्या वेळापत्रकात एका तासाला तीन फिती धरल्या आहेत. ते वेळापत्रक कोणत्या वर्गात करून पाहिले असेल, याचे मला कुतूहल आहे.

ध्वनिफितींतले आवाज स्पष्ट आहेत, ध्वनिमुद्रण स्वच्छ आहे, याबद्दल तक्रार नाही. वेग मात्र दोन टोकांचा आहे. पहिल्या दहा फितींत निवेदक एकेक शब्द तोडून तोडून बोलतात आणि पुढच्या फितींत एकदम मिनिटाला दीडशे शब्दांच्या आसपास जातात. मध्ये पायरी नाही. शब्द तोडून बोलणे हे सोपे इंग्रजी नव्हे, ते वेगळेच इंग्रजी आहे. त्यात वर सांगितलेला ‘सिक्सनिज’ कधी घडतच नाही, म्हणून त्यावर सराव केलेला कान खऱ्या बोलण्यापुढे पुन्हा अनाडीच ठरतो. त्यापेक्षा बोलण्याचा वेग नैसर्गिक ठेवून वाक्यावाक्यानंतर थोडा अधिक वेळ थांबले तर मुलांना विचार करायला सवड मिळते आणि भाषेचा ओघही मोडत नाही. मी स्वतः वाचताना हेच करू लागले आणि फरक दिसला.

दुसरी गोष्ट उच्चारांची. चव्वेचाळीस फितींपैकी दोनच भारतीय आवाजांत आहेत, बाकी ब्रिटिश आणि अमेरिकन. आमच्या मुलांना उद्या इंग्रजी ऐकायचे आहे ते बारावीत पणजी-फोंड्याच्या प्राध्यापकांकडून, फोनवर दिल्लीच्या कॉल सेंटरमधून, आणि किनारपट्टीवर हॉटेलात काम मिळाले तर ब्रिटिश पाहुण्याबरोबर रशियन पाहुण्याकडूनही. शिक्षकाचा एकच आवाज मुलाच्या कानाला पुरत नाही, म्हणूनच तर ध्वनिफिती विकत घ्यायच्या. त्यात सगळे आवाज एकाच साच्यातले निघाले तर पैसे कशाचे दिले असा प्रश्न पडतो. आवाजांची ही उणीव मी फोनने भरून काढली. गणिताच्या सरांकडून, आमच्या मुख्याध्यापिकांकडून, आणि मुंबईत वाढलेल्या एका पालकांकडून एकेक मिनिटाचे इंग्रजी निवेदन रेकॉर्ड करून घेतले. मुलांनी ज्या उत्सुकतेने सरांचा आवाज ओळखून पुढचे ऐकले, ती लंडनच्या निवेदकाच्या वाट्याला कधी आली नाही.

दोन गटांनी दोन वेगवेगळ्या फिती ऐकून मग एकमेकांना अर्धी अर्धी गोष्ट सांगायची, असा विभागून ऐकण्याचा उपक्रमही संचात आहे. उपक्रम चांगला आहे. पण त्याला दोन स्पीकर आणि दोन खोल्या लागतात आणि संचात स्पीकर एक आहे. आम्ही एका गटाला व्हरांड्यात फोनवर बसवून तो कसाबसा पार पाडला. अर्धे ऐकू आले, अर्धे पावसाने नेले.

किमतीचा हिशेब मांडायचा तर साडेचार हजारांपैकी बराच भाग स्पीकर आणि ध्वनिफिती यांचा असणार, आणि नेमके तेच दोन्ही संचाचे दुबळे भाग आहेत. श्रवणाचे पाठ फुकट मिळत नाहीत असेही नाही. ब्रिटिश कौन्सिलच्या किशोरवयीन विद्यार्थ्यांसाठीच्या संकेतस्थळावर श्रवणाचे पाठ ए-वनपासून चढत्या पातळ्यांनी मांडलेले आहेत, सोबत लिखित मजकूर आहे, आणि ते सगळे विनामूल्य आहे. या पातळ्या युरोपातल्या भाषा-चौकटीच्या आहेत, जी ए-वन ते सी-टू अशा सहा पायऱ्यांची आहे. आमची पाचवी तिच्या पहिल्याच पायरीशी आहे, त्यामुळे तिथले सुरुवातीचे पाठ थेट उपयोगी पडतात. संचाच्या खोक्यावर मात्र ‘सर्व इयत्तांसाठी’ असे छापले आहे. वर्गात ही कार्डे पाचवी-सहावीपर्यंत चालली, डिक्टोग्लॉस तेवढे आठवीत रंगले.

मग पैसे वाया गेले का? तसेही म्हणणार नाही. चित्र-श्रुतलेखनाची आठ, आकड्यांची सहा, ‘ऐका आणि करा’ची आठ आणि डिक्टोग्लॉसची पाच अशी सत्तावीस कार्डे मी या वर्षीही वापरणार आहे, आणि ती कल्पनेपासून स्वतः तयार करायला बसले असते तर मला दोन सुट्ट्या लागल्या असत्या. कार्डांच्या मागे प्रत्येक उपक्रमाला किती वेळ लागेल आणि फळ्यावर काय लिहावे हे थोडक्यात दिले आहे, ते तासाला जाताना जिन्यात वाचून होते. एकशिक्षकी शाळेत किंवा नव्याने रुजू झालेल्या शिक्षिकेच्या हातात ही सोय मोलाची आहे. विक्रेत्याकडे आता फक्त कार्डे आणि तक्ते असा स्पीकरविना संच सतराशे रुपयांना मिळतो असे मला नंतर कळले. घ्यायचाच असेल तर तो घ्यावा.

आल्या आल्या कार्डे लॅमिनेट मात्र करून घ्यावीत. ती जाड दिसतात, पण साध्या पुठ्ठ्यावर छापलेली आहेत. आमची गणपतीच्या सुट्टीत कपाटात राहिली आणि परत आलो तेव्हा चौदा कार्डांवर पांढरी बुरशी धरली होती. त्यांतली अकरा टोपीचा रंग विचारणारी होती, म्हणून फारसे बिघडले नाही.